सहा महिने सोलापूर, सहा महिने हैदराबाद आणि गाडीचा विमा

सोलापुरातून हैदराबाद रोडला लागल्यावर नळदुर्ग आणि उमरगा मागे पडतात आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. मग बिदर जिल्ह्याचा, म्हणजे कर्नाटकाचा, एक तुकडा लागतो आणि जहीराबादच्या अलीकडे तेलंगण सुरू होते. जेमतेम तीनशे किलोमीटरच्या प्रवासात तीन राज्यांची माती चाकांना लागते. आम्ही दोघे गेली सहा वर्षे हा रस्ता वर्षातून निदान दोनदा तुडवत आहोत. जूनमध्ये नातवंडांची शाळा सुरू झाली की हैदराबादच्या मियापूरला मुलीकडे जायचे, दिवाळीच्या तोंडावर सोलापूरला परतायचे, गड्ड्याची यात्रा आणि हुरडा इथेच करायचा आणि मे अखेरपर्यंत स्वतःच्या घरात राहायचे, असा आमचा क्रम ठरून गेला आहे. गाडी आमच्याबरोबर येते, कारण डिकीत कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि यजमानांची औषधे असा जो संसार असतो, तो रेल्वेत चढवणे आता आम्हाला झेपत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून २०१७ साली निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर त्रुटी काढल्या, पण स्वतःच्या गाडीच्या विम्याचे कागद मात्र पहिली काही वर्षे एजंटाने पाठवले तसे फाइलला लावत गेले. अंगाशी आल्यावर मी ते कागद ओळीने वाचायला घेतले. आमच्या भागातली आणखी चार-पाच जोडपी पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद अशी वर्षाची वाटणी करून राहतात आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून हे लिहून काढत आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा की, महाराष्ट्रात काढलेला विमा तेलंगणात चालतो का? चालतो. आपल्याकडची मोटार पॉलिसी संपूर्ण भारतासाठी असते आणि तिला राज्याची सीमा ठाऊकच नसते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांत गाडी न्यायची असेल तरच वेगळा हप्ता भरून क्षेत्र वाढवून घ्यावे लागते. हुमनाबादजवळ अपघात झाला काय आणि सोलापूरच्या आसरा चौकात झाला काय, पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, हप्तादेखील गाव पाहून बदलत नाही. तो केंद्र सरकार ठरवते आणि १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आहे. आमची गाडी ११९७ सीसीची, म्हणून मधला आकडा.

सीमा ओळखतात ते बाकीचे कागद, म्हणजे आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), लायसन्स आणि त्यांवरचे पत्ते. विमा कंपनी दाव्याच्या वेळी नेमके हेच कागद मागते, त्यामुळे पॉलिसी निर्दोष असूनही दावा अडू शकतो. आमच्यासारख्या दोन घरी राहणाऱ्यांची अडचण इथून सुरू होते.

आरसीपासून सुरुवात करते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, नव्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागावा लागतो. ज्यांनी हे केले आहे त्यांच्याकडून ऐकलेल्या चकरांची संख्या मी इथे लिहीत नाही, कारण वाचणारा घाबरून गाडीच विकून टाकेल. आमची गाडी जूनला जाते आणि दिवाळीला परत येते, म्हणजे बारा महिन्यांचा प्रश्नच येत नाही. पण रस्त्यात एखाद्या तपासणीत ‘एम एच तेरा इथे कशी?’ असे कोणी विचारलेच, तर तोंडी सांगून भागत नाही. त्यासाठी मी फास्टॅगचा उतारा दर सहा महिन्यांनी काढून ठेवते. फुलवाडी, तलमोड, कमकोल या नाक्यांवर कोणत्या तारखेला किती वाजता पैसे कापले गेले, हे त्यात नोंदलेले असते आणि गाडी कधी गेली, कधी आली याचा त्याहून सरळ पुरावा दुसरा नाही. टोल भरताना होणारी चिडचिड त्यामुळे काही अंशी वसूल होते.

आमच्या जावयांच्या गाडीला ‘बी एच’ मालिकेचा नंबर आहे, तेव्हा तुम्हीही तोच का घेत नाही, असे मला अनेकदा विचारण्यात आले. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली, पण ती बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर तिला पात्र ठरतात. निवृत्तीनंतर स्वखुशीने दोन राज्यांत राहणाऱ्यांचा विचार त्यात केलेला नाही. बदल्या करून करून थकलेल्या माणसाला बदली संपल्यावर ही सोय मिळू नये, याची मला गंमत वाटते.

आरसी आणि विमा यांचा संबंध किती घट्ट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या एका निकालावरून दिसते. त्या प्रकरणात गाडीची तात्पुरती नोंदणी संपून काही दिवस झाले होते, मालकाने ती तशीच दुसऱ्या शहरात नेली आणि तिथून ती चोरीला गेली. पॉलिसी चालू होती आणि हप्ता भरलेला होता, तरीही वैध नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा विमा कराराच्या मूळ अटींचा भंग ठरला आणि दावा नाकारणे न्यायालयाने योग्य मानले. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी आरसीवरची तारीख आजच पाहून घ्यावी, विशेषतः ती तारीख परगावी असताना येणार असेल तर.

आता ज्या गोष्टीमुळे माझे डोळे उघडले ती सांगते. माझे लायसन्स सप्टेंबर २०१९ मध्ये, साठाव्या वर्षी, पाच वर्षांसाठी वाढवून मिळाले होते. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर ते एका वेळी पाचच वर्षांचे मिळते. म्हणजे ते संपणार होते १८ सप्टेंबर २०२४ रोजी आणि त्या दिवशी आम्ही सोलापुरात नव्हे तर मियापूरला होतो. तारीख माझ्या लक्षात नव्हती, असेही म्हणता येणार नाही. पण दिवाळीला सोलापूरला गेल्यावर करू आणि एवढ्यात काही अडत नाही, कारण महिनाभराची सवलत असते, असे मी मनाशी धरून चालले होते. ती सवलत एके काळी खरोखरच कायद्यात होती आणि मुदत संपल्यानंतरही तीस दिवस लायसन्स वैध समजले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, हे मला माहीत नव्हते. गंमत अशी की, माझे स्वतःचे लायसन्स त्याच दुरुस्तीनंतर अवघ्या काही दिवसांनी वाढवून मिळाले होते.

२९ सप्टेंबरला, रविवारी, मेट्रोच्या खांबांखालून घराकडे वळताना पावसाची भुरभुर सुरू होती, समोरची रिक्षा अचानक थांबली, मी गाडी डावीकडे घेतली आणि दुभाजकाच्या कडेला गाडीची पूर्ण डावी बाजू घासत गेली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. यजमानांच्या मांडीवरचा कोथिंबिरीचा जुडा तेवढा पायाशी पडला. गॅरेजने पुढचा आणि मागचा दरवाजा, खालची पट्टी आणि रंगकाम मिळून २७,४०० रुपयांचा अंदाज दिला. मी कंपनीला त्याच दिवशी कळवले, फोटो पाठवले आणि तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले.

ते गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी दरवाज्याचे माप घेतले, आरसी पाहिली, पॉलिसी पाहिली आणि माझे लायसन्स हातात घेऊन तारखेच्या ओळीवर अंगठा ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग अंगठा बाजूला करून त्यांनी ते कार्ड माझ्याकडे वळवले. माझ्या नोकरीच्या बत्तीस वर्षांत मीही अनेक ठेकेदारांसमोर असाच अंगठा ठेवून उभी राहिले आहे, त्यामुळे पुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. पुढच्या आठवड्यात पत्र आले की, अपघाताच्या दिवशी चालकाकडे वैध परवाना नसल्यामुळे दावा अमान्य करण्यात येत आहे. अकरा दिवस! कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिची चूक नव्हती. माझ्या पॉलिसीत चालकाविषयीची अट स्पष्ट लिहिलेली होती आणि ती मी त्या दिवशी संध्याकाळी प्रथमच वाचली.

लायसन्सचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येते, ही गोष्ट त्यावेळी मला ठाऊक असती तर त्याच वर्षी मार्चमध्ये, सोलापुरात असतानाच, मी ते उरकून टाकले असते. चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ मधले प्रमाणपत्र लागते आणि आपल्याला वर्षानुवर्षे ओळखणारे डॉक्टर आपल्याच गावात असतात, हा आणखी एक व्यावहारिक मुद्दा. दोन राज्यांत राहणाऱ्यांनी सरळ असा नियम करावा की, लायसन्सची तारीख वर्षाच्या ज्या अर्ध्यात येते त्याच्या आधीच्या अर्ध्यात ते काम संपवायचे. मुदत संपल्यानंतर अर्ज केला तर नूतनीकरण होते, पण ते नूतनीकरणाच्या दिवसापासून लागू होते आणि मधली पोकळी भरून निघत नाही. एखाद्या थर्ड पार्टीला गंभीर इजा होऊन ती पोकळी माझ्यासमोर आली असती, तर २७,४०० रुपयांवर भागले नसते.

दावा मंजूर न झाल्याचा एकच बरा परिणाम झाला आणि तो म्हणजे नो क्लेम बोनस तेवढा शाबूत राहिला. यजमानांनी तो लगेच ऐकवलादेखील. त्या निमित्ताने मी एक हिशेब मांडला, जो तेव्हापासून माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे. दाव्याशिवाय एकेक वर्ष गेले की ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी सवलत चढत जाते. एक दावा घेतला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. समजा, बोनस धरण्यापूर्वी ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर आहोत. दावा घेतला तर पहिल्या वर्षी ४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४०० रुपये जास्त जातात. एकूण १०,००० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला तर ११,८००. म्हणजे दहा-बारा हजारांच्या आतला बंपर, आरसा, ओरखडा यांचा दावा करणे म्हणजे स्वतःच्याच खिशातून हप्त्याने परतफेड करणे होय. त्यातून गाडीच्या १५०० सीसीपर्यंतच्या गटात प्रत्येक दाव्यातले पहिले १,००० रुपये आपणच सोसायचे असतात आणि ‘झिरो डेप्रिसिएशन’ (घसारा न कापण्याची पुरवणी) घेतलेले नसेल तर प्लास्टिक व रबराच्या भागांचे निम्मे पैसेही आपलेच जातात. हैदराबादच्या गर्दीत ओरखडे वर्षाला दोन पडतात. ते मी आता मुकाट्याने झेलते.

बोनस जाण्याचा दुसरा मार्ग आमच्यासारख्यांसाठी अधिक धोक्याचा आहे. पॉलिसी संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठवलेला सगळा बोनस जातो आणि त्याआधीही, एका दिवसाचा जरी खंड पडला तरी, कंपनी गाडीची पाहणी करूनच पॉलिसी देते. एजंट सोलापूरचा, गाडी मियापूरच्या तळघरात, पॉलिसीची तारीख ऑगस्टमधली आणि पत्रे येणार सोलापूरच्या बंद घराच्या फटीतून आत, अशी आमची स्थिती होती. मी एजंटाला सांगून नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल बदलून घेतला आणि तरीसुद्धा निरोपाची वाट न पाहता पंधरा जुलैला स्वतः फोन करते. विनाविमा गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० रुपये असतो आणि त्यानंतरचा ४,०००.

आता हप्त्याच्या भौगोलिक भागाकडे वळते, कारण तिथे गैरसमज बराच आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन पाडले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे झोन एमध्ये आणि उरलेला सगळा देश झोन बीमध्ये. ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोपवले गेले, पण ही विभागणी अजून वापरात आहे. गाडी कोणत्या झोनची हे ती कुठे नोंदली आहे यावरून ठरते, कुठे उभी राहते यावरून नाही. म्हणून एम एच १३ ची आमची गाडी अर्धे वर्ष हैदराबादला फिरली तरी झोन बीमध्येच राहते. हे ऐकल्यावर माझ्या शेजारणीने आवाज खाली आणून विचारले की, ही लबाडी नाही का? नाही. नोंदणी खरी आहे, घर खरे आहे आणि अर्जात दिलेला पत्ताही खरा आहे. लबाडी तेव्हा होते, जेव्हा माणूस कायमचा हैदराबादला गेलेला असतो, सोलापूरचे घर विकलेले असते आणि तरीही दोन पैसे वाचवण्यासाठी जुनाच पत्ता लिहीत राहतो.

आणि वाचणारे पैसे तरी किती? पाच ते दहा वर्षे जुनी, १००० ते १५०० सीसीची गाडी घेतली, तर मूळ टॅरिफप्रमाणे झोन एचा दर ३.४४७ टक्के आणि झोन बीचा ३.३५१ टक्के होता. तीन लाखांच्या आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर, एकीकडे १०,३४१ रुपये आणि दुसरीकडे १०,०५३ रुपये होतात. फरक २८८ रुपयांचा. त्यावर कंपन्या सवलती देतात, तेव्हा प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो. एवढ्यासाठी खोटा पत्ता देऊन पुढे दावा धोक्यात घालणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी एक तर माझ्याच कार्यालयातले लेखापाल होते.

खर्चाचा खरा विचार करायचा तो जोखमीचा करावा. दोन्ही गावांची जोखीम वेगळी आहे. हैदराबादचे आमचे सहा महिने म्हणजे नेमका पावसाळा आणि मुलीच्या इमारतीतली गाड्यांची जागा तळघरात. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला जो पाऊस झाला, त्यात तळघरे भरून गाड्या बुडाल्या होत्या. पुरामुळे होणारे नुकसान ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीत धरलेले असते, पण बुडालेली गाडी कोणी उतावीळपणे सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी झाले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ म्हणून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. सोलापुरात मी ते कधी घेतले नसते. मियापूरसाठी घेते आणि जावयांना सांगून ठेवले आहे की, पाणी चाकांच्या वर गेले तर किल्ली कोणी हातातसुद्धा धरायची नाही, गाडी ओढून न्यायची. रस्त्यात मदत पोचवण्याच्या सुविधेतही एक बारीक अट असते, ती म्हणजे गाडी किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढून नेतील ही. उमरग्याच्या पुढे आणि जहीराबादच्या अलीकडे गाडी बंद पडली तर मान्यताप्राप्त गॅरेज किती दूर असेल, याचा अंदाज घेऊन ती अट वाचावी. सोलापूरकराला मराठी, कानडी आणि तेलुगू तिन्ही थोड्याफार येतात, त्यामुळे वाटेत मदत मागायला अडत नाही, पण ओढून नेण्याचे बिल कोणत्याही भाषेत सारखेच लागते.

जे आपली गाडी सोलापुरातच झाकून ठेवून रेल्वेने जातात, त्यांचा प्रश्न उलटा आहे. सहा महिने गाडी हलणारच नाही, मग पूर्ण विमा कशाला, नुसती थर्ड पार्टी ठेवू, असे त्यांना वाटते. हा विचार नेमका उफराटा आहे. उभी गाडी कोणाला धडक देत नाही. तिला धोका असतो तो चोरीचा, आगीचा, वादळात झाड पडण्याचा आणि हे सगळे ओन डॅमेजमध्ये येते. थर्ड पार्टी कायद्याने लागतेच, पण ती आपल्या गाडीसाठी एक रुपयाही देत नाही. उतरलेली बॅटरी आणि चपटे झालेले टायर मात्र कोणत्याच पॉलिसीत येत नाहीत, ते झीज म्हणून आपल्या माथी बसतात. ज्यांचा वर्षाचा प्रवास खरोखर कमी आहे, त्यांच्यासाठी विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये किलोमीटरनुसार हप्त्याच्या पुरवणीला परवानगी दिली आणि एकाच मालकाच्या दोन-तीन वाहनांना मिळून एक पॉलिसी काढण्याचीही मुभा दिली. एक गाडी इथे आणि एक तिथे ठेवणाऱ्यांनी या दुसऱ्या सोयीची चौकशी जरूर करावी. मी किलोमीटरची पुरवणी घेतली नाही, कारण नातवंडांना पोहायला, चित्रकलेला आणि तबल्याला सोडून आणण्यात माझे किलोमीटर कधी संपतात ते मलाच कळत नाही. जुन्या टॅरिफमध्ये ‘उभी ठेवलेली गाडी’ अशीही एक तरतूद होती, ज्यात मालकाने लेखी कळवले की तेवढ्या काळापुरते रस्त्यावरचे दायित्व थांबवून चोरी, आग, पूर एवढेच चालू ठेवत आणि हप्त्यात थोडी सूट देत. माझ्या एजंटाला ती विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

शेवटचा मुद्दा आमच्या वयाच्या जोडप्यांचा आहे आणि तो मी बऱ्याच घरांत पाहते. आमची गाडी यजमानांच्या नावावर आहे, पण काचबिंदूमुळे त्यांनी चार वर्षांपूर्वी चालवणे सोडले आणि लायसन्स वाढवले नाही. पॉलिसीत ‘मालक-चालक’ म्हणून १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते वैध लायसन्स असलेल्या मालकाला लागू होते. म्हणजे यजमान मालक आहेत पण चालक नाहीत आणि मी चालक आहे पण मालक नाही, तेव्हा दोघांपैकी कोणालाही ते मिळणार नव्हते. तरी आम्ही तीन वर्षे त्याचा हप्ता भरत आलो होतो. गाडी माझ्या नावावर करावी असे आधी वाटले, पण नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि अशा हस्तांतरात तो माझ्याकडे आला नसता. शेवटी ते संरक्षण काढून टाकले आणि मी स्वतःच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घेतली. मालकाचे निधन झाल्यास गाडीची पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालते आणि त्या काळात आरसी व पॉलिसी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गाडी या कारणाने वर्षभर झाकून उभी होती, कारण मुलगा बेंगळुरूला होता आणि कागद इथे होते.

या ऑगस्टचे नूतनीकरण मी मियापूरच्या गॅलरीत बसून केले. थर्ड पार्टीचे ३,४१६, बोनस वजा जाता ओन डॅमेज, इंजिन प्रोटेक्ट आणि जीएसटी असे आकडे एजंटाने फोनवर वाचून दाखवले आणि मी ते जुन्या सवयीने कागदावर उभे मांडून बेरीज केली. बेरीज सहा रुपयांनी चुकत होती. त्यांनी पुन्हा तपासून फोन केला आणि चूक त्यांची निघाली.